कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलंय, मग संघटनेची मेंबरशिप वेगळी कशाला घ्यायची?

तुझा प्रश्न असा आहे की यावर्षी बीओटी झालीस, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) डिग्री घेतलीस, महाराष्ट्राच्या ओटी-पीटी (पीटी म्हणजे फिजिओथेरपी) कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कंपल्सरी आहे म्हणून केलंस, आता सिनियर म्हणतात ओटींच्या संघटनेची पण मेंबर हो, तर ही संघटना नक्की करते काय आणि तिचे पैसे का भरायचे. (माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.)

उत्तर द्यायचंच असं ठरवलं कारण अगदी असाच प्रश्न मला माझ्या बॅचमेटने विचारला होता, "संघटना तुला पगार देणार आहे का?" आणि त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा भेटतो तेव्हा तो विषय निघतोच.

२००३ ची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी मतिमंद आणि सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसलेल्या) मुलांसाठी एक केंद्र होतं, तिथे मी ११ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर लागले. तेव्हा सगळे मतिमंदच म्हणायचे, आता आपण तो शब्द वापरत नाही. ओटी आम्ही दोघी, मी आणि ही बॅचमेट, आठवड्याचे दिवस वाटून घेतलेले. मुलं पन्नासच्या वर. दोघींनी दिवसभर घेतली तरी सगळ्यांची सेशन होणं शक्यच नव्हतं, म्हणून संचालकांनी काय केलं तर स्वच्छतेला असलेल्या मावशींना सांगितलं की राहिलेल्या मुलांचा व्यायाम तुम्ही घ्या. मावशी बिचाऱ्या प्रेमळ होत्या, मुलांना मांडीवर घेऊन भरवायच्या, त्यांच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण त्यांना व्यायाम म्हणजे पाय धरून सरळ ओढायचा एवढंच दाखवलेलं होतं.

त्यातला एक मुलगा चार वर्षांचा, स्पास्टिक डायप्लेजिया, दोन्ही पाय ताठ. त्याची आई एसटीने दीड तास प्रवास करून यायची. तिने पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, मॅडम चालेल तेव्हा चालेल, पण आमच्यात सगळे खाली पाटावर बसून जेवतात, याला एकट्याला कॉटवर भरवावं लागतं, तो पंगतीत बसला पाहिजे. किती नेमकं सांगितलं बघ तिने, आपल्या चार वर्षांच्या शिक्षणात गोल-सेटिंग गोल-सेटिंग (ध्येय ठरवणं) म्हणतात ते त्या बाईने एका वाक्यात करून दिलं. मी त्याच्यावर तसंच काम चालू केलं. सुताराकडून लाकडी कॉर्नर सीट करून घेतली, पुढे जेवणाच्या उंचीचा छोटा स्टूल, चमच्याला जाड मूठ. तीन महिन्यांत तो सीटमध्ये दहा-बारा मिनिटं बसून स्वतःच्या हाताने वरणभात खायला लागला.

मग मी आठ दिवस रजेवर गेले, आले तर त्याचा गुडघा सुजलेला. हात लावला की किंचाळायचा. मावशींनी सांगितल्याप्रमाणे रोज पाय ओढला होता. सीटमध्ये बसायला तयार नाही, मला बघूनच रडायला लागला. आईने विचारलं, "मॅडम, तुम्ही नव्हता का आठ दिवस? रजिस्टरला तर तुमचं नाव आहे."

मी रजिस्टर बघितलं. माझ्या रजेच्या दिवसांत माझ्या नावापुढे सेशन टाकलेली, सहीची जागा रिकामी. इतर मुलांचीही तशीच, त्या महिन्यात एकूण २२. किती सेशन झाली त्याचा आकडा देणगीदारांकडे जायचा, म्हणून ऑफिसला सह्या हव्या होत्या. संचालक म्हणाले फॉर्मॅलिटी आहे, कर सही. मी नाही म्हटलं. तर म्हणाले, आमच्याकडचे स्पेशल टीचर, स्पीचवाले, सगळे आरसीआयला रजिस्टर्ड आहेत, तुझं कुठे रजिस्ट्रेशन आहे ते दाखव, तुला नियम शिकवायचा अधिकार कोणी दिला?

आणि खरंच माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं! भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय ही १९९२ च्या कायद्याने झाली, तिच्या रजिस्टरमध्ये ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कृत्रिम अवयव बनवणारे असे बरेच लोक येतात, पण ओटी आणि पीटी त्यात नाहीत. आपल्या राज्याचा ओटी-पीटी कौन्सिलचा कायदा २००२ चा म्हणतात, पण तेव्हा आमच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. म्हणजे मी डिग्री घेतलेली, पण कायद्याने माझ्या पाठीशी उभं राहणारं कोणी नाही. बॅचमेटने तिच्या वाटणीच्या सह्या करून टाकल्या. मला म्हणाली, वेडी आहेस का, सगळीकडे असंच चालतं, संघटनेला फोन करतेस म्हणे, संघटना पगार देणार आहे का तुला?

फोन मी केला होता, एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून, मुंबईला, संघटनेचं काम बघणाऱ्या एका सिनियर मॅडमना. मी फक्त स्टुडंट असताना मेंबर झालेले, पुढची वर्गणीही भरलेली नव्हती. त्यांनी वर्गणीचं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "सही केलीस का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग करू नकोस. आणि का करणार नाहीस ते आजच लेखी दे, तारीख टाकून, पोच घेऊन. तोंडी भांडू नकोस."

पुढच्या रविवारी मी परळला त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर संघटनेच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं. दोनच मुद्दे होते. एक, थेरपिस्टने जी ट्रीटमेंट स्वतः दिली किंवा स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतली तिच्याच नोंदीवर सही करायची, हे आमच्या आचारसंहितेत बसतं, बाकी बसत नाही. दोन, मदतनीस ठेवायला हरकत नाही, पण थेरपिस्ट हजर असताना आणि काय करायचं ते थेरपिस्टने ठरवून दिल्यावर. कुणावर आरोप नाही, धमकी नाही.

मी त्यांना विचारलं, मॅडम, आपल्याला कायदा नाही तर या पत्राला कोण विचारतंय. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मला कॉलेजमध्ये परीक्षेपुरतं माहीत होतं. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ओटीचं स्कूल काढलं, आणि दोन वर्षांत, १९५२ ला, ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन उभी केली. फलटणचं कमला निंबकर बालभवन ज्यांच्या नावाने आहे त्याच या, जन्माने अमेरिकन. देशात मूठभर ओटी असतील तेव्हा. त्याच वर्षी ओटींचं जागतिक फेडरेशन स्थापन झालं, त्याच्या संस्थापक देशांत भारत आहे, ते या संघटनेमुळे. मॅडम म्हणाल्या, अगं सरकारने कायदा करेपर्यंत आपण थांबलो असतो तर पन्नास वर्षं थांबलो असतो. कॉलेजात काय शिकवायचं, इंटर्नशिप कशी, कोणता कोर्स मान्य, हे कायदा नसताना संघटनेने धरून ठेवलं म्हणून तुझ्या डिग्रीला किंमत आहे.

मी पत्र दिलं. सह्या केल्या नाहीत. मावशींचे "व्यायाम" त्या आठवड्यात बंद झाले, रजिस्टरमध्ये त्या २२ सेशनपुढे "थेरपिस्ट रजेवर" असं लिहिलं गेलं. आणि चार महिन्यांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते पुढे वाढवलं नाही. बॅचमेटचं वाढवलं.

तर तिचं म्हणणं आजपर्यंत हेच आहे, की तुझी नोकरी गेली, संघटनेने काय केलं, एक पत्र लिहिलं. बरोबर आहे, एक पत्रच लिहिलं. पण मी तेव्हा २४ वर्षांची होते, घरभाडं द्यायचं होतं, वडील रिटायर झालेले. ते पत्र नसतं तर पुढच्या महिन्यात मी सही केली असती हे मला माहितीये. त्याच्या पुढच्या महिन्यात न विचारता केली असती. पुढच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला विचारलं आधीची का सोडली, तेव्हा मी तेच पत्र पुढे ठेवलं आणि तिथे मला घेतलं. तो मुलगा परत सीटमध्ये बसायला लागायला दोन महिने गेले, पण मी निघायच्या आधी बसला. ते दोन महिने कोणी परत देणार नाही त्याला. मला राग आहे तो याचा, नोकरीचा नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. कौन्सिल आणि संघटना यांची गल्लत करू नकोस. कौन्सिल पेशंटसाठी आहे, म्हणजे प्रॅक्टिस कोणी करायची, तुझ्याविरुद्ध तक्रार आली तर चौकशी कोणी करायची, नाव रजिस्टरमधून काढायचं का, हे तिचं काम. उद्या तू अडचणीत आलीस तर कौन्सिल तुझी बाजू घ्यायला बांधील नाही, आणि असूही नये. धंद्याची पातळी काय असावी, नवीन काय शिकावं, सरकार एखादा नियम करतंय तर आपलं म्हणणं कोणी मांडायचं, आणि एकटी पोरगी कुठल्या तरी गावात "नाही" म्हणत उभी असेल तर तिला काय आधार, हे संघटनेचं काम. परदेशात जायचा विचार असेल तर कोर्सची जागतिक फेडरेशनकडची मान्यतासुद्धा राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते, आमच्या बॅचच्या कितीतरी मुली त्या जोरावर बाहेर आहेत.

आणि आज तर गरज जास्त आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, ऑटिझम आला, लर्निंग डिसॅबिलिटी आली. चांगलंच झालं. पण त्याबरोबर गल्लोगल्ली थेरपी सेंटर निघाली, तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेले लोक सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदना हाताळायला मदत करणारी थेरपी) देतात आणि पालक तासाला हजार रुपये मोजतात. आरसीआयच्या कायद्यात बिनारजिस्ट्रेशन काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे, आता एका सेशनच्या फीएवढ्या दंडाला कोण घाबरणार? पालकांना स्पष्ट सांगायला हवं की समोरच्याची डिग्री विचारा, रजिस्ट्रेशन नंबर विचारा, भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट वाचा. हे एकट्या थेरपिस्टने सांगितलं तर लोकांना वाटतं हिला गिऱ्हाईक तोडायचंय. संघटनेने सांगितलं तर ऐकतात.

ज्या शाखा वर्षाला एक कॉन्फरन्स, एक बॅग आणि एक ग्रुप फोटो यापलीकडे काही करत नाहीत त्या मला अजिबात आवडत नाहीत, आणि हे मी शाखेच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोललेय. पण मेंबर न होता घरी बसून नावं ठेवणाऱ्यांचं मला त्याहून पटत नाही. माझ्या बॅचमेटचं आज स्वतःचं मोठं क्लिनिक आहे, काम चांगलं आहे तिचं, हे मी मनापासून सांगते. दोन वर्षांपूर्वी तिच्या शेजारी एक बोगस सेंटर निघालं तेव्हा तिने रात्री साडेदहाला मला फोन केला, "तुमच्या संघटनेतर्फे काही करता येतं का?" मी तक्रारीचा ड्राफ्ट करून दिला, कौन्सिलला कसा पाठवायचा ते सांगितलं. "तुमच्या" हा शब्द मात्र मला लागला. कमलाबाईंच्या शाळेत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो गं.

काही गोष्टी राहिल्या. संघटना म्हणजे युनियन नाही, पगारवाढीसाठी ती संप करणार नाही. नोकरी वाचवेलच असंही नाही, माझी वाचली नाही. मी लिहिलंय ते ओटीबद्दल, स्पीचवाल्यांची, फिजिओंची संघटना वेगळी, आरसीआयवाल्यांना दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी सीआरईचे (नोकरीत असतानाच्या पुढच्या शिक्षणाचे) पॉइंट जमवावे लागतात, त्यांचं गणित त्यांच्या लोकांना विचार. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात ओटी ही स्वतंत्र कॅटेगरी आहे, त्यामुळे राज्याच्या कौन्सिलची रचना बदलतेय, रजिस्ट्रेशनचे कागद नीट जपून ठेव. आणि माझ्या वेळच्या मॅडमसारखं माणूस प्रत्येक शाखेत भेटेल याची खात्री मी देत नाही. तुझ्या शाखेत पहिल्या मीटिंगला जाशील तेव्हा एवढं विचार की एखाद्या मेंबरवर खोटी सही करायचा दबाव आला तर फोन कोणाला करायचा. नाव आणि नंबर मिळाला तर पैसे भर. नाही मिळाला तरी भर, आणि तो नंबर तुझा लिहून दे.