आल्टोवाल्यांची पत्रं: ॲव्हरेज, घाट, सीएनजी आणि बाकी सगळं

मागच्या अंकात विचारलं होतं की घरात आल्टो असेल तर अनुभव कळवा, जुनी असो की नवी, आणि पत्रं एवढी आली की सगळी छापायची म्हटली तर अंकात दुसरं काही बसायचंच नाही. आल्टो 2000 साली आली, 796 सीसीचं इंजिन घेऊन, मधे 2012 ला आल्टो 800 झाली, ती 2023 ला बंद झाली आणि आता शोरूममध्ये मिळते ती फक्त के10, 998 सीसीची. म्हणजे 'आमची आल्टो' असं लिहिणारे लोक खरं तर तीन-चार वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलतायत, हे डोक्यात ठेवून वाचा. नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (सातारा): नवीन के10 घेतली. शोरूमवाला म्हणाला 24 च्या वर देते, मला 16-17 च्या पुढे जात नाही. शाळेत शिक्षक आहे, शाळा घरापासून अडीच किलोमीटर, गाडी रोज तेवढीच चालते आणि रविवारी मंडईत. गाडीत दोष आहे का पंपावर मारतात?

उत्तर: सर, उत्तर तुमच्या पत्रातच आहे, अडीच किलोमीटर. इंजिन गरम व्हायच्या आत तुमची शाळा येते, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्तच पितं, मग दुपारी परत थंड झालेलं इंजिन चालू करून घरी. कंपनी सांगते तो 24.39 हा जो आकडा आहे तो लॅबमध्ये रोलरवर, ठरवून दिलेल्या स्पीडने गाडी चालवून काढलेला असतो, त्यात ना पोवई नाका येतो ना राजवाड्यापुढची गर्दी. हा आकडा दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला ठीक, पण तेवढं रोज मिळेल अशी आशा धरू नका. त्या रूटला 16-17 मला तरी वाईट वाटत नाही.

पण आधी नीट मोजा हो. डिस्प्लेवर दिसतं ते धरू नका. एकाच पंपावर, जमलं तर त्याच नोझलला, टाकी फुल करा, पहिला 'टक' आवाज होऊन नोझल बंद पडलं की बास. तो पोरगा विचारणारच, "सर राउंड फिगर करू का?", त्याला नाही म्हणा, कारण त्या राउंड फिगरमध्ये अर्धा-पाऊण लिटर जास्त जातं आणि के10 ची टाकीच 27 लिटरची, सगळा हिशेब गडबडतो. ट्रिप मीटर शून्य करा, टाकी निम्म्याच्या खाली येईपर्यंत चालवा, परत तिथंच पहिल्या टकपर्यंत भरा, किलोमीटर भागिले लिटर. असं लागोपाठ तीनदा करा आणि त्यात एकदा पुण्याला हायवेने जाऊन या, मग बघा त्याच गाडीचा आकडा कसा चढतो ते.

हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. आणि हो, इथेनॉलबद्दल बरेच जण विचारतायत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं उतरणारच, पण 24 चे 16 होण्याइतका तो फरक नसतो. सगळं खापर इथेनॉलवर फोडायची सध्या फॅशन आहे.

प्रश्न (चिपळूण): 2015 ची आल्टो 800. गणपतीत कराडहून येताना आम्ही पाच मोठी माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. आधी पाटणच्या पुढं चढाला गाडी अशी रडायला लागली की दुसऱ्याला ओढेना आणि पहिल्याला टाकली की बोंबलते. मग कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचा जळका वास यायला लागला. मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेट बदला. बदलू का?

उत्तर: भाऊ, जरा थांबा, आधी वजन करा. ही गाडी रिकामी सातशे किलोच्या आसपास. पाच मोठी माणसं म्हणजे साडेतीनशे किलो, वर सामान. म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त वजन तुम्ही तिच्यावर टाकलंत आणि वर एसीचा कॉम्प्रेसर त्याच 796 सीसीच्या इंजिनावर. ती चढली यातच तिचं कौतुक आहे.

चढाला गाडी मरायला लागल्यावर गिअर पाडायचा नाही, वळण दिसलं की आधीच पाडायचा. छोटं इंजिन फिरतं राहिलं तरच ताकद देतं, आवाज झाला तर होऊ दे, त्याला काही होत नाही. लोक आवाजाला घाबरून तिसऱ्याला टाकतात, मग गाडी दमते, मग अर्धा क्लच दाबून ओढत नेतात आणि तिथं क्लच प्लेट जळते. चढ संपेपर्यंत एसी बंद, काचा खाली. टेम्परेचरचा लाल दिवा लागला तर बाजूला घ्या, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी, उकळतं पाणी तोंडावर येतं.

क्लच बदलायचा का, हे सपाट रस्त्यावर एकट्याने बघा. चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण स्पीड वाढला नाही तर क्लच सरकतोय, बदला. आवाजाबरोबर गाडीही पुढे सरकली, हळू का होईना, तर क्लच ठीक आहे, पैसे वाचवा.

आता ब्रेकचा वास, हे मात्र मला क्लचपेक्षा जास्त काळजीचं वाटलं. आपल्याकडे उताराला न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवायची जुनी खोड आहे, काही महाभाग तर चावीसुद्धा बंद करतात. न्यूट्रलला गाडी सगळी ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत, आणि इंजिन बंद केलं तर दोन-तीन वेळा पाय मारल्यावर ब्रेक दगडासारखा होतो कारण त्याला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनातून येतो. चावी उलटी फिरवून काढलीत तर स्टिअरिंग लॉक होतं ते वेगळंच. गंमत म्हणजे यात पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जातच राहतं. म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घातला तेच उलटं झालं. ज्या गिअरने घाट चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं, ब्रेक धरून ठेवायचा नाही, मारायचा आणि सोडायचा. आणि एकदा पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या, वास आला होता ना.

प्रश्न (नाशिक): महिन्याला साधारण 600 किमी रनिंग. पेट्रोल घ्यावी का सीएनजी? घरात दोन मतं आहेत, मी सीएनजीच्या बाजूने.

उत्तर: मग आज तुमची बाजू पडली. पेट्रोल 105 रुपये आणि ॲव्हरेज 19 धरा, किलोमीटरला साडेपाच रुपये. सीएनजी 90 रुपये किलो आणि किलोला 28 धरा, सव्वातीनच्या आत. किलोमीटरमागे वाचले साधारण 2 रुपये 30 पैसे. सीएनजीचे जास्तीचे 85 हजार धरले तर ते फिटायला 37 हजार किलोमीटर लागतात आणि तुमच्या रनिंगला त्याला पाच वर्षं लागतील. भाव तुमच्या पंपावरचे घालून स्वतः करून बघा, गणित अवघड नाही. महिन्याला दीड हजार किमी असते तर मी डोळे झाकून सीएनजी म्हटलं असतं, दोन वर्षांत पैसे वसूल.

वर डिकीत सिलिंडर, म्हणजे स्टेपनी आणि एखादी पिशवी ठेवली की संपलं, पंपावरची रांग, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी. जमेची बाजू म्हणजे महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी. बाहेरून स्वस्तात किट बसवायचा विचार असेल तर आरसीवर आणि इन्शुरन्सवर नोंद केल्याशिवाय बसवू नका, अपघात झाला की क्लेमवाला पहिलं तेच बघतो.

प्रश्न (कोल्हापूर): नोकरी लागली, पहिली गाडी घेतेय. 2014 ची आल्टो, 52 हजार किमी, मालक म्हणतो लेडीज डॉक्टरने वापरलेली. काय बघू?

उत्तर: ताई, जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्या गाड्या लेडीज डॉक्टरनेच वापरलेल्या असतात. मालकाचं ऐकू नका, गाडी बघा.

सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर काहीतरी लपवतायत. थंड इंजिन चालू करताना मागे बघा, निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पितंय. 52 हजार किमीला क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका, आणि नवं कोरं रबर बसवलेलं असेल तर आणखीनच ठेवू नका. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरची बिलं मागा, त्यावर प्रत्येक वेळचं रीडिंग असतं.

आता तुमच्या भागाचं खास. 2019 आणि 2021 चा पूर तुम्ही बघितलाय. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून, आत परफ्युम मारून विकायला येतात आणि वरून काही कळत नाही. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, म्हणजे अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात शेवटचा हातभर पट्टा कधी बाहेर येत नाही, तिथं वाळलेल्या गाळाचा डाग किंवा पाण्याची रेघ दिसली तर राम राम करून घरी या. मग कार्पेट उचला, सीटच्या रेल्स आणि स्क्रू बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा.

कागदपत्रांत, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, आणि गाडी तुमच्या नावावर झाल्याशिवाय 'एजंट करून देईल' यावर जाऊ नका. राहिलेली चलनं ऑनलाइन बघून घ्या. इन्शुरन्स 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, त्यामुळे प्रीमियम वाढला म्हणून भांडू नका. थर्ड पार्टीला, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याला, मात्र वर्षाला हजार सीसीच्या आतली गाडी असल्याने 2094 रुपये अधिक जीएसटी, हा छोट्या इंजिनाचा फायदा कुणी सांगत नाही, हजारच्या वर गेलात की तोच आकडा 3416. रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, म्हणजे 2029 पर्यंत, हे भाव करताना बोलून दाखवा.

प्रश्न (ठाणे): वडील म्हणतात आल्टो म्हणजे पत्र्याचा डबा, घेऊ नकोस. खरंच एवढी असुरक्षित आहे का?

उत्तर: वडील अगदीच चुकीचं बोलत नाहीत. गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2023 ला के10 ला मोठ्यांसाठी दोन स्टार दिले आणि लहान मुलांसाठी शून्य. तेव्हा दोन एअरबॅग होत्या, 2025 पासून सहा येतात, ते चांगलंच आहे, पण एअरबॅग वाढल्या म्हणून पत्रा जाड होत नाही. शहरातच फिरणार, साठच्या आत, तर खुशाल घ्या. दर शनिवारी एक्सप्रेसवेने कुटुंब घेऊन जाणार असाल तर थोडे पैसे घालून टाटाच्या टियागोकडे बघा, तिला 2020 ला चार स्टार मिळाले होते. कोणतीही घ्या, मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, हे वडिलांनाही सांगा.

पत्र (बीड): एसटीतून रिटायर झालो, 2006 ची आल्टो आहे, एकदा रिपासिंग केलंय, यंदा परत आलंय. एजंटने आकडा सांगितला तो ऐकून हादरलो. गाडी भंगारात काढू का? इंजिन एकदाही उघडलेलं नाही.

उत्तर: काका, मागच्या वेळी फी 600 रुपये होती, 2022 पासून ती 5 हजार झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारला 10 हजार केली, त्यात पर्यावरण कर आणि एजंटचा हात वेगळा. एजंटला बाजूला ठेवा, अर्ज ऑनलाइन भरा आणि गाडी तपासायला स्वतः घेऊन जा, तुम्हाला आता वेळच वेळ आहे. नवी नंबरप्लेट, एचएसआरपी, बसवली नसेल तर आधी ती. आणि मग खालून पत्रा बघा, ठोकून बघा. इंजिन टिकतं हो, पत्रा आधी जातो. फ्लोअर कुजलेला नसेल तर दहा हजार भरून पाच वर्षं चालवा, एवढ्या पैशात आता चांगली सायकलसुद्धा येत नाही.

प्रश्न (परळ, मुंबई): पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर काय?

उत्तर: परत स्टार्टर मारू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाजूला घ्या, टोचन करून गॅरेजला. साध्या इन्शुरन्समध्ये हे इंजिन बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ॲडऑन घ्यावं लागतं, परळला राहून ते न घेणं म्हणजे कमाल आहे.

प्रश्न (डोंबिवली): उंदीर वायरी खातात. तंबाखू ठेवली, डांबरगोळ्या ठेवल्या, फरक नाही.

उत्तर: पडणारही नाही, वास दोन दिवसांत उडतो. खालून जिथून शिरतात तिथं बारीक जाळी मारून घ्या, गाडीत वेफर्स-बिस्किटं सांडू देऊ नका, कचऱ्याच्या डब्याशेजारी पार्क करू नका आणि एक दिवसाआड तरी गाडी बाहेर काढा, उभ्या गाडीतच ते संसार मांडतात.