वाड्यातला तंबोरा

प्रश्न : मी ५९ वर्षांची, बँकेतून निवृत्त झाले. तीन वर्षांपासून गाणं शिकते, काळी चार या उंच पट्टीत गाते. वाईला नात्यातल्या एका वाड्यात माळ्यावर मिरजेचा जुना तंबोरा पाहिला. भोपळ्यावर पांढरी पानंफुलं जडवलेली, तारा नाहीत, दोन खुंट्या गायब. ते द्यायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, मोबाइलवर ॲप असताना हे धूड कशाला? पण ताई, महिना झाला, तो डोळ्यांपुढून हलत नाही. घेऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तारा आणि खुंट्यांची काळजी सोडा. खुंट्या नव्या घडवून मिळतात आणि जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवणं, तर रोजच्या वाजवण्यातल्या तंबोऱ्याचीही अधूनमधून काढावीच लागते. बघायची ती दांडी. सुतार फळी बघतो तशी, एक डोळा मिटून, वरून खाली नजर टाका. बाक आला असेल तर मन घट्ट करून परत फिरा. दांडी सरळ असली की भोपळ्यावर बोटाच्या पेरानं हलकेच वाजवा. चिरलेला भोपळा भद्द बोलतो, ते कानाला लगेच कळतं. बारीक छिद्रं आणि पिठासारखा भुगा दिसला, तर कीड आहे.

त्या घरात कोण गायचं, हेही विचारा. बुवांचा तंबोरा मोठा असतो. तो काळी चारला चढवाल तर तारा तटातट तुटतील.

आणि ती पांढरी पानंफुलं! हाडाची असतील, प्लॅस्टिकची असतील, पण हस्तिदंताची असतील तर व्यवहार करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि हस्तिदंताची खरेदी-विक्री त्याखाली बंद आहे. जाणकाराला आधी दाखवा.

एक कळकळीनं सांगते, पॉलिश करू नका. माझ्या गुरूंनी मला दिलेला तंबोरा मी हौसेनं एका दुकानात चकचकीत करायला टाकला. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पाटीवर, रंगाचा जाड थर चढवून आला. दिसायला नवरीसारखा, पण आवाज घशात अडकलेला. तो थर खरवडून काढायला पुढे आठ दिवस लागले. पहिला आवाज काही पुरता परतला नाही. ओल्या फडक्यानंसुद्धा पुसू नका, कोरडं मऊ सुती पुरे.

दुरुस्तीला मिरजेलाच न्या. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हे काम हाती घेतलं, ते आजही सतारमेकर गल्लीत चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूरकडून, भीमाकाठचे. कारागीर जवारी काढत असताना शेजारी बसा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकतो आणि एका जागी तार अचानक उघडते.

घरी आणलात की पहाटे जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, नीट मिळवा आणि नुसता खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार, छेडून थांबा. कुणी न लावलेला गंधार त्यातून ऐकू येईल. मुलाला त्या वेळी शेजारी बसवा. ॲप रियाजाला, प्रवासाला चांगलंच आहे, ते ठेवा. पण दांडी गालाशी टेकली की खर्ज हाडात उतरतो, तो फोनमधून यायचा नाही.

दांडी सरळ निघाली तर घ्या. आणि मिरजेला जाताना बसच्या टपावर टाकू नका, मांडीवर धरून न्या.