मेलबर्नला येताय? मग सरकारी मदतीचं आधी ऐका

तुम्ही विचारलंत: पीआरवर (कायम वास्तव्याच्या व्हिशावर) मेलबर्नला येतोय, तिथलं सरकार बाहेरून आलेल्या समाजांना बरीच मदत करतं म्हणे, मग आपल्या वाट्याला काय येतं? की सगळं निर्वासितांनाच?

पैसे म्हणाल तर काहीच धरून चालू नका. स्किल्ड व्हिसावाल्यांना बेकारभत्ता वगैरेंसाठी चार वर्षं थांबावं लागतं. निर्वासितांना ही अट नाही, आणि त्यावरून आपल्या लोकांत भरपूर कुरकुर चालते. पहिल्या वर्षी नोकरी मिळेना तेव्हा मीही केली.

मग बायको एएमईपीला जाऊ लागली. १९४८ पासून चालत आलेले हे सरकारी इंग्रजीचे वर्ग, फुकट. शाळेत न जाणारं मूल असेल तर वर्गाच्या वेळात त्याचं पाळणाघरही फुकट. तिथे भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता होता. जानेवारीच्या रकान्यात १ तारखेपाशी सात नावं दाटीवाटीने लिहिलेली. बायकोला वाटलं, बाईंची चूक झाली. नंतर कळलं, जन्माचा कागदच नसलेल्या निर्वासितांच्या नावापुढे बहुधा हीच तारीख टाकतात. आमच्या फायलीत दहावीच्या मार्कशीटच्यासुद्धा चार अटेस्टेड झेरॉक्स होत्या.

तुमच्या उपयोगाचं आणखी एक: १३१४५०. टीआयएस या सरकारी दुभाषा सेवेचा हा नंबर, दिवसरात्र चालू. भाषेचं नाव सांगायचं, ते दुभाष्याला जोडून देतात. पीआर असलेल्यांसाठी डॉक्टरांकडे याचे पैसे सहसा पडत नाहीत, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. सोबत येणाऱ्या आईवडिलांना हा नंबर पाठ करायला लावा.

सण, शनिवारच्या भाषाशाळा यांसाठी अनुदान असतं, पण ते नोंदणीकृत मंडळांना, तुम्हाआम्हाला नव्हे.

निर्वासितांच्या कौतुकाबद्दल म्हणाल, तर जूनमध्ये रेफ्यूजी वीक असतो, १९८६ पासून. भाषणं होतात, ती सोडून द्या. नील नावाचं गाव बघा, मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला. तिथल्या बदकांच्या मांसाच्या कारखान्याला माणसं मिळेनात; म्यानमारमधून निर्वासित म्हणून आलेली करेन समाजाची कुटुंबं २०१० पासून तिथे जाऊन राहिली आणि ओसरत चाललेलं गाव सावरलं. ह्यू व्हॅन ले १९७७ मध्ये व्हिएतनामहून बोटीने डार्विनला लागले, २०१४ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. हा किस्सा इथे सगळे अभिमानाने सांगतात. मात्र जुलै २०१३ पासूनचं धोरण असं की, बिनव्हिशाचा कोणी बोटीने आला तर त्याला या देशात वसू द्यायचं नाही. अभिमान सांगताना हे कोणी जोडत नाही.

तर तुमचं काम: आल्यावर सहा महिन्यांच्या आत पत्नीचं नाव एएमईपीत नोंदवा. आधी त्यांच्या इंग्रजीची पातळी मला कळवा. ‘व्होकेशनल’ (कामधंद्यापुरतं इंग्रजी) किंवा त्याच्या वर असेल तर हा वर्ग मिळायचा नाही.