ग्रूव्हला मराठीत काय म्हणावं: लय, ताल की ठेका?

प्रश्न नाशिकच्याच एका तरुण बेसवादकाचा आहे. कॉलेज रोडवर मित्राच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत त्यांचा चौघांचा बँड सराव करतो. फंक (अमेरिकेतलं नाचायला लावणारं संगीत) आणि प्रोग्रेसिव्ह रॉक (रॉकचा प्रयोगशील प्रकार) जिथे एकमेकांत मिसळतात, तिथलं संगीत त्यांना वाजवायचं आहे आणि कार्यक्रमाचं माहितीपत्रक मराठीत काढायचं आहे. तो लिहितो: "ग्रूव्हला एकजण लय म्हणतो, एकजण ताल आणि मी ठेका म्हणतो. बरोबर कोण? आणि या मिश्र प्रकाराला मराठी नाव देता येईल का?"

बरोबर तूच आहेस. ग्रूव्ह म्हणजे ठेका. पण बाकी दोघांचे शब्द का बसत नाहीत हे बघितल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही, आणि फंक व प्रोग्रेसिव्ह रॉक यांचं नातंही त्यातूनच उलगडतं.

आधी लय. लय म्हणजे गती, दोन मात्रांमधलं अंतर. ती विलंबित असते, मध्य असते, द्रुत असते. मेट्रोनोम लावला की लय मिळते, अगदी अचूक मिळते. पण मेट्रोनोमच्या टकटकीवर आजवर कुणाचा पाय हललेला मी पाहिला नाही. ग्रूव्हला लय लागते, म्हणून लय हाच ग्रूव्ह होत नाही. शिवाय बोलण्यात 'लय भारी'मधला 'लय' इतका रुळला आहे, की माहितीपत्रकात 'या गाण्यात लय आहे' असं छापलं तर वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल.

आता ताल. ताल म्हणजे हिशोब: मात्रा किती, खंड कसे, टाळी कुठे, खाली (टाळी न देता सोडलेली हलकी मात्रा) कुठे. 'श्रोत्यांनी टाळ्यांनी ताल धरला' असं आपण म्हणतो हे खरं आहे, पण त्या वाक्यात ताल हा शब्द ठेक्याचंच काम करतोय. वादकांच्या भाषेत हे दोन शब्द वेगळे राहतात आणि ते राहायलाच हवेत. त्रिताल सोळा मात्रांचा, तिलवाडाही सोळा मात्रांचा. दोन्हींत खंड चार-चारचे, टाळ्या-खाली त्याच जागी. तरी तबल्यावर बोट पडताच जाणकाराला कळतं काय चाललंय. फरक सगळा ठेक्यात, म्हणजे कुठला बोल कुठल्या मात्रेवर पडतो आणि किती वजनाने पडतो यात. इंग्रजीत ग्रूव्ह म्हणतात ते हेच.

ग्रूव्हचा मूळ अर्थ खाच, चर. शेतात औत चालताना जी रेघ उमटते तिला आपल्या जिल्ह्यातले शेतकरी 'तास' म्हणतात. बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यात पडते ती चाकोरी. दोन्ही शब्द अर्थाने ग्रूव्हचे सख्खे. पुढे ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचेला हाच इंग्रजी शब्द लागला आणि १९३०च्या दशकात जॅझवाले बँड रंगात आला, की तो खाचेत बसलाय असं म्हणू लागले. सुई खाचेत नीट बसली की तबकडी वाजते, तसं. 'तास' मला मनापासून आवडतो, पण आज साठ मिनिटांच्या तासाने त्याला पार झाकून टाकलं आहे. आणि 'चाकोरी' आपण कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरून टाकली. संगीताच्या कामाला दोन्ही आता येणार नाहीत, याचं वाईट वाटतं.

म्हणून ठेका. कुणी म्हणेल ठेका म्हणजे कंत्राट. पण कंत्राटाचा ठेका घेतात, संगीताचा ठेका धरतात. क्रियापदच अर्थ राखून ठेवतं. ठेका धरता येतो, सांभाळता येतो, भरता येतो, सुटतो, पुन्हा सापडतो. 'पायांनी आपोआप ठेका धरला' या वाक्यातला 'आपोआप' महत्त्वाचा आहे. ताल धरायला तो आधी माहीत असावा लागतो. ठेका धरायला काही माहीत असावं लागत नाही.

नाशिककरांना हे वेगळं समजावण्याची गरज नाही. गणपती विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघून मेन रोडला लागते, तेव्हा ढोलाच्या एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर थाप पडत असते, आणि वरून ताशाच्या काड्या एकेका मात्रेचे बारीक तुकडे पाडत असतात. जड आवाज थोडे, जागच्या जागी. बारीक आवाज भरपूर, सतत. फंकच्या बँडमध्ये कामाची वाटणी अशीच असते. ड्रमरचा हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांची जोडी, मात्रेचे चार-चार तुकडे करत राहतो, ते ताशाचं काम. बेस ड्रम आणि बेस गिटार मोजक्या जागी वजन टाकतात, ते ढोलाचं. आपला नाशिक ढोल केरळातल्या उत्सवांपर्यंत पोहोचला आणि तिथेही त्याच नावाने वाजतो. मात्रा न शिकवता हे होऊ शकलं, कारण प्रवास ठेक्याने केला.

फंकमध्ये ठेक्याची ही कल्पना रुजवली अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांनी, १९६५ ते १९६७च्या सुमारास. त्याआधी त्या संगीतात वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत असे. ब्राउन यांनी सगळ्या बँडला पहिल्या मात्रेवर एकत्र उतरायला लावलं. त्या पहिल्या मात्रेला ते आणि त्यांचे वादक 'द वन' म्हणत. याला मराठी शब्द शोधायचीही गरज नाही, तो तयार आहे: सम. १९७० साली त्यांच्या बँडमध्ये आलेले बेसवादक बूट्सी कॉलिन्स ही सम पुढे जॉर्ज क्लिंटन यांच्या ताफ्यात घेऊन गेले, आणि तिथे तिचं जवळजवळ दैवत झालं.

आपल्या समेत आणि फंकच्या समेत फरक आहे तो अंतराचा. आपला गायक विलंबित ख्यालात समेपासून दूर निघून जातो, आवर्तन लांबतं, आणि परत समेवर येतो तेव्हा सभागृह माना डोलावतं. (नाशिकच्या वर्तमानपत्रात 'आवर्तन' दिसलं तर ते बहुधा गंगापूर धरणाच्या पाण्याचं असतं. पाणी ठरल्या पाळीने पुन्हा येतं म्हणून ते आवर्तन, तेव्हा शब्द एकच आहे.) फंकमध्ये सम चार मात्रांनी परत येते, वाट बघायला लावत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये उभा राहिला तो नेमकं उलट करत. त्याने आवर्तनं लांबवली, पाच, सात, नऊ मात्रांची केली, मधेच बदलली. ऐकणारा मोजत बसला, पाय मात्र थांबले. हे दोन प्रकार मिळतात कुठे? मोजलेला ताल धरता येईल असा ठेका होतो तिथे. तुमच्या बँडला हेच करायचं असावं असं मला वाटतं.

पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं १९७३चं 'मनी' हे सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. बेसची ओळ सात मात्रांची आहे. सॅक्सोफोनही सातातच वाजतो. डेव्हिड गिल्मर यांचा गिटारचा एकल तुकडा आला की बँड सरळ चारात उतरतो, आणि तो संपला की पुन्हा सातात येतो. सात मात्रा म्हटल्यावर आपण लगेच म्हणतो, हा तर रूपक ताल. मी पंचवटीत लहानपणी तबला शिकले, तेव्हा रूपकाने मला फार छळलं, म्हणून खात्रीने सांगते की हा रूपक नाही. रूपकाची सम खालीच्या मात्रेवर असते. 'तीं तीं ना, धी ना, धी ना': पहिली मात्रा हलकी, बायाँ (डावीकडचा डग्गा) गप्प, वजन मागाहून येतं. गुरुजी आठवडेच्या आठवडे तबल्याला हात लावू देत नसत, नुसती हाताने खाली-टाळी करायला लावत, कारण आमचे हात पहिल्या मात्रेवर जोर द्यायला धावत. 'मनी'ची सम तशी नाही. ती पायावर दगड ठेवावा तशी जड आहे, फंकची सम आहे. मात्रा दोन्हीकडे सात, पण एकाची सम पिसासारखी, दुसऱ्याची वरवंट्यासारखी. ग्रूव्हला ताल म्हटलं की हा फरक हातातून निसटतो, म्हणून मी त्या शब्दाला विरोध करते.

बेस वाजवतोस म्हणून यस या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं १९७१चं 'राउंडअबाउट' तू ऐकलंच असशील. क्रिस स्क्वायर यांचा बेस तिथे मागे उभा राहत नाही, पुढे येऊन ठेका ओढून नेतो. दुसऱ्या बाजूने, फंककडून निघून लांब आवर्तनांकडे गेलेले जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक: १९७३च्या 'हेड हंटर्स'मधली पहिलीच रचना पंधरा मिनिटांहून मोठी, पाया सिंथेसायझरवरच्या बेसच्या एका छोट्या ओळीचा.

किंग क्रिमसन या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या १९८१च्या 'डिसिप्लिन' या तबकडीवर मात्र थांबायला हवं. त्यात एका रचनेत दोन गिटार जवळजवळ तीच ओळ वाजवतात, फक्त एकीची ओळ दुसरीपेक्षा एका स्वराने तोकडी आहे. म्हणून त्या हळूहळू एकमेकींपासून सरकत जातात आणि बऱ्याच फेऱ्यांनी पुन्हा भेटतात. आपल्या शास्त्रात समेच्या आधी उतरणं म्हणजे अनागत, नंतर उतरणं म्हणजे अतीत. त्या गिटारचं चाललेलं असतं ते अतीत-अनागतच, फक्त दोघी मिळून. आणि खाली बेसवर टोनी लेविन व ड्रमवर बिल ब्रुफर्ड असे घट्ट बसलेले, की मोजणी न करताही पाय चालू राहतो. तुमच्या चौघांतल्या कुणाला 'फंक कुठे संपतो आणि प्रॉग (प्रोग्रेसिव्ह रॉक) कुठे सुरू होतो' असा प्रश्न पडला, तर ही तबकडी लावा.

तुझ्या वाद्यापुरतं एक. अंगठ्याने तार ठोकून वाजवायची स्लॅपची पद्धत रूढ केली लॅरी ग्रॅहम यांनी. आईबरोबर कार्यक्रम करताना जोडीला ड्रमर नव्हता, म्हणून त्यांनी बेसवरच ठोके काढायला सुरुवात केली. याला मराठीत 'थाप' छान चालेल, ढोलाचीच थाप. 'थाप मारली' तेवढं म्हणू नकोस, अर्थ बदलेल. 'थाप दिली' म्हण.

आता नावाचा प्रश्न. 'फंक' हा शब्द इंग्रजीत मुळात वासाचा आहे, कोंदट, घामट, उग्र वासाचा. कोशकार त्याचं नातं फ्रेंचमधून लॅटिनमधल्या धुराच्या शब्दाशी, 'फूमुस'शी जोडतात. तो 'फूमुस' आणि आपला 'धूम' एकाच मुळाचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत हा हिणकस शब्द फिरला आणि कौतुकाचा झाला: जे धुतलेलं-पुसलेलं नाही, अंगमेहनतीचं आहे, अस्सल आहे, ते फंकी.

नेमकी हीच वाट मराठीत एका शब्दाने चालून दाखवली आहे, आणि ती सापडली तेव्हा मला फार आनंद झाला. शब्द आहे 'ठसका'. मिरचीची फोडणी पडली की धुराने ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. आणि लावणीत जो असावा लागतो तोही ठसकाच. नाकातोंडात जाणारा धूर दोन्ही भाषांत संगीताचा गुण झाला. म्हणून फंक या प्रकाराला फंकच म्हणावं, पण त्याच्यातल्या गुणाबद्दल लिहायचं असेल तर बेधडक ठसका लिहावं. 'फंकी' मराठीत आता शर्टांना आणि केशरचनांना लागतो, तो संगीतासाठी फारसा धारदार राहिलेला नाही.

'प्रोग्रेसिव्ह'चं 'पुरोगामी' करू नका. शब्दशः चुकीचं नाही, पण पुरोगामी म्हटलं की महाराष्ट्रात विचार येतात, चळवळी येतात. गिटार येत नाही. 'प्रगत' तर नकोच, त्यात बाकीचे मागासलेले ठरतात. अर्थ सांगायचाच असेल तर 'प्रयोगशील' जवळचा आहे. नाव म्हणून प्रोग्रेसिव्ह रॉक किंवा नुसता प्रॉग ठेवा, ऐकणारे तेच म्हणतात.

जोडनावात क्रमाचा विचार करा. कांदाचिवडा हा शेवटी चिवडाच असतो, त्यात कांदा असतो इतकंच. असल्या समासात शेवटचा शब्द धनी. तेव्हा 'प्रॉग-फंक' म्हणजे प्रॉगच्या वळणाचा फंक, आणि 'फंक-प्रॉग' म्हणजे ठेका फंकचा असलेला प्रॉग. तुमचा पाया कुठला आहे ते चौघांनी ठरवा आणि तो शब्द शेवटी लिहा. खाली ओळखीची ओळ म्हणून 'विषम मात्रांतला ठसकेबाज ठेका' असं मी सुचवेन. यातला 'विषम' मात्रांच्या संख्येपुरता आहे. तालातल्या 'ग्रहां'च्या, म्हणजे सुरुवात समेच्या कुठे होते ते सांगणाऱ्या प्रकारांच्या यादीत सम, अतीत, अनागत यांच्या जोडीने जो 'विषम' येतो तो निराळा, एवढं तुमच्यातल्या तबला शिकलेल्याला सांगून ठेवा, नाहीतर तो अडून बसेल.

आणि सरावाला बसाल तेव्हा ड्रमरला 'सातचा ग्रूव्ह दे' असं म्हणण्याऐवजी 'सातात ठेका धर, सम जड ठेव' म्हणून बघा.