सोलापूरच्या बोअरच्या पाण्याला दाढीचा ब्रश कोणता घ्यावा, सिंथेटिक की खऱ्या केसांचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी बोअरचे पाणी, दाढीला ट्यूबमधले क्रीम, जुन्या ब्रशचे केस गळून फेसात येतात, आणि दुकानदार म्हणतो की सिंथेटिक गाल खरवडते, खऱ्या केसांचाच घ्या. उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. तुम्ही सिंथेटिकच घ्या. फक्त दुकानदाराच्या मनात जो सिंथेटिक आहे, तो घेऊ नका.

या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. किरकोळ दुकानात टांगलेला स्वस्त ब्रश बहुतेक वेळा जाड नायलॉनचा असतो आणि त्याची टोके सरळ कापलेली असतात. कापलेल्या टोकाला कड राहते आणि ती गालाला टोचते. दुकानदाराची तक्रार या ब्रशपुरती खरी आहे. दुसरा प्रकार पीबीटी या धाग्याचा. हा पॉलिस्टरच्याच घराण्यातला, बारीक, आणि टोकाला कॉस्टिक सोड्याने झिजवून निमुळता केलेला. आपल्याकडे कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम केलेल्यांना हे लगेच कळेल. पॉलिस्टर कापड मऊ पडावे म्हणून कॉस्टिक देऊन त्याचे वजन उतरवतात, तेच इथे धाग्याच्या टोकावर होते. असा ब्रश गालावर फिरवला तर टोचणे सोडाच, पहिल्यांदा तो फारच मऊ वाटतो.

खऱ्या केसांतही प्रकार आहेत. डुकराचे केस जाड आणि ताठ असतात. बॅजर नावाच्या प्राण्याचे केस बारीक असतात आणि पाणी भरपूर धरतात, म्हणून महाग. घोड्याचे केस या दोहोंच्या मधले. पाकिटावर नुसते ‘प्युअर ब्रिसल’ लिहिले असेल तर ते जवळपास नेहमी डुकराचे केस असतात. अनेक घरांत ही वस्तू धर्माने किंवा शाकाहारामुळे चालत नाही आणि दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारूनच घ्या. केस मुंगसाचे आहेत असे कोणी सांगितले तर सरळ परत फिरा. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

आता मुख्य मुद्दा, पाणी. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि त्याचा पांढरट चिकट साका होतो. हा साका फेस देत नाही, उलट होणारा फेस बसवतो. हिशोब करून पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, शेवटची मर्यादा लिटरला 600 मिलिग्रॅम आहे. तुमचे पाणी 500 चे धरले, तर एक लिटर पाणी सुमारे 3 ग्रॅम साबण नुसता खाऊन टाकते. दाढीला आपण साधारण 1 ग्रॅम क्रीम घेतो आणि त्यात साबणाचा भाग जेमतेम तिसरा हिस्सा असतो, म्हणजे 300 मिलिग्रॅमच्या आसपास. फेसात 20 मिलिलिटर पाणी गेले की त्यातले 60 मिलिग्रॅम गेले. पाचवा हिस्सा! पाणी दुप्पट झाले की नुकसानही दुप्पट. खऱ्या केसांचा ब्रश अंगात जास्त पाणी घेऊन येतो, म्हणून जड पाण्यात तो जास्त साबण मागतो. या ब्रशला फेस होत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचा ब्रश बहुधा चांगला असतो आणि क्रीम कमी पडलेले असते.

केस पाणी का धरतो आणि पीबीटी का धरत नाही, हेही समजून घ्या, कारण वापरण्याची सगळी रीत त्यावर ठरते. केस केराटिनचा असतो. तो स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी आत शोषतो, फुगतो आणि मऊ पडतो. पीबीटी जवळजवळ काहीच शोषत नाही. त्याच्यात पाणी राहते ते दोन धाग्यांच्या मधल्या फटीत. आपल्या टर्किश टॉवेलच्या फासांत पाणी अडकून बसते ना, तसेच. म्हणून सिंथेटिक भिजत घालायची गरज नाही आणि झटकला की तो लगेच कोरडा होऊ लागतो. याच कारणाने तो पाणी सोडतोही पटकन. पहिल्या हाताला फेस ओला आणि तिसऱ्या हाताला सुका, हा त्याचा खरा दोष.

सिंथेटिकने फेस असा करा. ब्रश पाण्यात बुडवून काढा आणि दोनदा जोरात झटका. वाटीत हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे क्रीम घ्या आणि जड पाणी असेल तर शेंगदाण्याएवढे. 20 ते 30 सेकंद हळू गोल फिरवा. मग पाणी अर्धा-अर्धा चमचा घाला, प्रत्येक वेळी दहा-पंधरा फेरे द्या आणि दह्यासारखी चमक आली की थांबा. फेसात मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले. ब्रश गालावर ओढताना अडखळत असेल तर पाणी कमी. सिंथेटिकला स्प्रिंग असते, म्हणून भराभर फिरवला की फेस आरशावर उडतो. चेहऱ्यावर दाबून घासूही नका. टोकांनीच काम करा. सतत दाबल्याने गुच्छाच्या मधोमध खळगा पडतो आणि तो पुन्हा भरत नाही.

डुकराच्या केसांची रीत निराळी. आधी 3 ते 4 मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा लागतो, बॅजर असेल तर एक-दोन मिनिटे पुरतात. नवा डुकराचा ब्रश टोचतो यात शंका नाही. पण 20-30 दाढ्या झाल्या की प्रत्येक केसाचे टोक दुभंगते, मऊ पडते, आणि मुळाशी मात्र ताठपणा टिकतो. वडीसारखा घट्ट साबण वापरणाऱ्यासाठी हाच ब्रश उत्तम, कारण साबण खरवडून घ्यायला ताठपणा लागतो. तुम्ही वडी वापरत असता तर माझे उत्तर कदाचित वेगळे झाले असते. क्रीमला एवढ्या जोराची गरजच नाही. नव्या केसांना जनावराचा वास येतो. त्यावर शाम्पूने दोन-तीनदा धुणे, आणि एकदा दाट फेस करून तो रात्रभर तसाच ठेवून सकाळी धुणे, एवढे पुरते.

खऱ्या केसांच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. असा ब्रश लवकर वाळत नाही, बुरशी येते, कुबट वास येतो, ही तक्रार मुंबई-कोकणात पावसाळ्यात अगदी रास्त आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती बरीचशी गळून पडते. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ओला ब्रश दुपारपर्यंत खडखडीत होतो. म्हणजे आपल्याकडे केसांच्या ब्रशला हवा अनुकूल आहे, पाणी प्रतिकूल. पाण्याचा तोटा मला मोठा वाटतो, कारण तो रोजचा आहे. शिवाय नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात रोज मगभर पाणी ब्रश भिजवायला काढणे जिवावर येते.

पाण्यावर एक सोपा उपाय आहे आणि ब्रश कोणताही असो, तो कराच. फेसापुरते 30 ते 40 मिलिलिटर आरओचे पाणी वाटीत घ्या, ब्रशही त्यातच भिजवा. तोंड आणि ब्रश धुवायला बोअरचे चालेल. फरक स्वतः बघायचा असेल तर दोन सारख्या बाटल्यांत 100 मिलिलिटर बोअरचे आणि 100 मिलिलिटर आरओचे पाणी घ्या, प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि वीस वेळा हलवा. शाम्पू किंवा भांड्यांचे लिक्विड घेऊ नका. ते जड पाण्यातही फेसाळते, त्यामुळे काहीच कळणार नाही.

जुन्या ब्रशचे केस गळतात त्याबद्दल. नव्या ब्रशचे पहिल्या पाच-आठ दाढ्यांत काही केस गळणे स्वाभाविक आहे, ते गुच्छ बांधताना सैल राहिलेले असतात. दहाव्या दाढीनंतरही गळत असतील तर मुळाशी भरलेला गोंद सुटला आहे. बहुतेकदा कारण एकच, उकळते पाणी. उकळत्या पाण्याने गोंद मऊ पडतो, केस ठिसूळ होतो आणि पीबीटीची टोकेही वाकडी होतात. हाताला सोसवेल इतकेच, म्हणजे साधारण 40 अंशांचे पाणी वापरा. गोंद सुटलेला ब्रश घरी नीट दुरुस्त होत नाही, तो टाकून द्या. जुन्या बाजारात मिळणारे, केस कशाचे ते माहीत नसलेले पुरातन ब्रशही दाढीला घेऊ नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स झाला होता.

दुकानात किंवा घरी पार्सल उघडल्यावर पारख कशी करायची? रंगावर जाऊ नका. टोक पांढरे, मध्ये काळा पट्टा, बुडाला पुन्हा फिके, असा बॅजरचा रंग आता सिंथेटिक धाग्यावरही सहज दिला जातो. टोके हाताच्या पाठीवर आणि मग ओठाखाली फिरवून बघा. बोटांनी गुच्छ फाकवून मुळाशी गोंद एकसारखा आहे का ते पाहा आणि दोन-चार केस हलके ओढा. गुच्छाचा व्यास 22 ते 24 मिलिमीटर आणि केसांची मुठीबाहेरची उंची 50 ते 55 मिलिमीटर क्रीमसाठी सोयीची. खरे केस म्हणून पैसे घेतले असतील तर गळलेला एक केस चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून जाळा. सूत ओळखायला करतात तीच परीक्षा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर खरा केस. वितळून टोकाला कडक मणी झाला तर सिंथेटिक.

देखभालीत फार काही नाही. दाढी झाली की बुडापर्यंत स्वच्छ धुवा, झटका, टॉवेलवर दोनदा पुसा आणि उघड्या हवेत ठेवा, उभा की उलटा याने विशेष फरक पडत नाही. ओला ब्रश डबीत किंवा प्रवासाच्या पाऊचमध्ये बंद करू नका. घरात दोघे दाढी करणारे असतील तर ब्रश दोन हवेत, कारण पुटकुळ्या आणि गजकर्ण ब्रशमधून सहज पसरतात.

बोअरच्या पाण्यात साका मुळाशी जमतो, मग केस चिकटून जुडगे होतात आणि ब्रश कडक वाटतो. महिन्यातून एकदा 250 मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व विरघळवून ब्रश त्यात पाच मिनिटे धरा, बोटांनी मुळे मोकळी करा आणि भरपूर पाण्याने धुवा. पांढरे व्हिनेगर असेल तर एक भागाला नऊ भाग पाणी. मूठ लाकडी असेल तर फक्त केस बुडतील एवढेच पाणी घ्या, नाहीतर वार्निश सुटते.