"मॅडम, त्यांना वाटेल कामापुरता मामा केला"

"मला लोकांमध्ये मिसळायला जमत नाही, मग माझं करिअर इथेच अडकणार का?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की त्यावर एक केस लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय 34, डेटाचं काम, एकाच कंपनीत 8 वर्षं. कामात हुशार, पण टीमच्या बाहेर त्याला कोणी ओळखत नव्हतं. टीम बंद होणार अशी कुणकुण लागली आणि जो भेटेल तो सांगायला लागला, नेटवर्किंग कर. म्हणून एका कॉन्फरन्सला गेला, ब्रेकमध्ये जिन्यात उभं राहून 20 मिनिटं फोनवर बोलतोय असं दाखवलं आणि तसाच घरी आला. हे सांगताना त्याचा आवाज दाटून आला होता.

इथे माझी चूक झाली. मी घाई केली. पुढच्या कार्यक्रमात 3 अनोळखी लोकांशी बोलून या, असं होमवर्क दिलं. त्यानंतर तो 3 आठवडे आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, बोललो मॅडम, पण दोन रात्री झोप नाही, मी असं का बोललो, तो मधेच का हसला, हेच डोक्यात.

खरं तर त्याच्यात दोन गोष्टी एकत्र होत्या आणि मी त्या वेगळ्या करून बघायला हव्या होत्या. अंतर्मुख माणूस गर्दीत थकतो, लाजाळू माणूस गर्दीला घाबरतो. थकव्यावर उपाय म्हणजे वेळ कमी करणं. भीतीचं मात्र तसं नाही, तिच्याशी बोलावं लागतं. मग मी त्याला मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2018 चा अभ्यास सांगितला. अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावल्या आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, तर समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं लोकांना वाटत होतं त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडलेले निघाले. आणि लाजाळू लोकांचा अंदाज तर जास्तच चुकलेला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, म्हणजे तो हसला ते माझ्यावर नसेलही.

मग मी अनोळखी लोकांचा विषयच सोडून दिला. म्हटलं, तुमचं काम ज्यांनी कधीतरी जवळून बघितलंय त्यांची यादी करा. चार-पाच असतील म्हणाला, घेऊन आला 37 नावं. जुने सहकारी, सोडून गेलेले मॅनेजर, एका प्रोजेक्टपुरते भेटलेले क्लायंट. पण मेसेज एकालाही नाही. का? "मॅडम, इतकी वर्षं साधी चौकशी केली नाही आणि आता गरज पडल्यावर आठवण? त्यांना वाटेल कामापुरता मामा केला."

मला वाटतं बहुतेक अंतर्मुख लोकांची खरी अडचण ही असते, बोलता न येणं नाही. नात्याचा वापर केल्यासारखं वाटतं आणि ते त्यांच्या मनाला पटत नाही, आणि ही चांगुलपणाचीच खूण आहे, म्हणून मी ती खोडून काढत नाही. फक्त एक आकडा सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचात. 1973 साली छापलेल्या त्या आकड्यांत नेहमी भेटणारे साधारण 17 टक्के निघाले, बाकी सगळे कधीतरी किंवा क्वचित भेटणारे. कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. म्हणजे लांब पडलेली ओळख ही काही वाया गेलेली ओळख नसते.

आम्ही ठरवलं, आठवड्याला दोनच मेसेज, आणि पहिल्या मेसेजमध्ये काहीही मागायचं नाही. खरं जे आठवतं तेच लिहायचं. पहिला मेसेज लिहायला अख्खं सेशन गेलं: "सर, रिपोर्ट पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचायची सवय तुम्ही लावलीत, आजही तसंच करतो. कसे आहात?" पाठवताना हात थरथरत होता. उत्तर रात्री आलं, आणि त्यांनीच विचारलं, सध्या कुठे आहेस, काय चाललंय. मग त्याने टीमबद्दल खरं ते सांगितलं.

ज्यांना लिहिलं त्यांच्यापैकी 11 जणांनी उत्तरच दिलं नाही, आणि ते त्याला लागलं, त्यावर आम्हाला दोन सेशन द्यावी लागली. नोकरी चौथ्या महिन्यात मिळाली, त्या सरांकडून नाही, तर यादीत 29 व्या नंबरवर असलेल्या, फक्त 2 महिने एकत्र काम केलेल्या एका बाईंकडून. परवा त्याचा मेसेज आला, यादीत अजून 6 जण राहिलेत, आता काही मागायचं नाहीये तरी लिहू ना?