28,000चा जुना स्कोप की 42,000चा नवा?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न: 'इंडक्शन शेगड्या आणि इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करतो. ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेषेत दाखवणारं यंत्र, म्हणजेच स्कोप) नसल्याने महिन्याला चार बोर्ड बाहेर द्यावे लागतात, प्रत्येकी 600 रुपये जातात. शिल्लक 80,000, खर्च महिना 15,000. जुना टेक्ट्रॉनिक्स टीडीएस 540 28,000ला मिळतोय, नवा स्कोप 42,000ला बारा हप्त्यांवर. कोणता घेऊ?'

दोन्ही नकोत. हप्ता 3,500, वाचणार 2,400. म्हणजे दरमहा 1,100 पदरचे. शिवाय कार्डाच्या 'बिनव्याजी' हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, तो वेगळाच.

जुन्या स्कोपला माझी हरकत नाही, या मॉडेलला आहे. त्याच्या 500 मेगाहर्ट्झ बँडविड्थचा (किती वेगवान सिग्नल दिसतो, त्या मर्यादेचा) मोह पडतो खरा, पण शेगडीचा आयजीबीटी (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) काही दशक किलोहर्ट्झवर, म्हणजे साधारण 20 ते 40वर, चालतो. तुमच्या कामाला 50 मेगाहर्ट्झ भरपूर. टीडीएस 540 नव्वदच्या दशकातला. त्यातले बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेले छोटे (एसएमडी) कपॅसिटर गळतात आणि तो द्रव बोर्डाचे ट्रॅक खातो. कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी संपली की तेही गेले. 'ट्रेस (पडद्यावरची रेष) येतोय, चालू आहे' एवढ्यावर भागत नाही. बघायचाच असेल तर 20 मिनिटं तापू द्या आणि सिग्नल पाथ कॉम्पेन्सेशन (स्कोपची स्वतःची तपासणी आणि जुळवणी) चालवा. फेल आलं तर सोडून द्या.

45,000, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च, बाजूला राहू द्या. उरलेल्या 35,000पैकी 20,000पर्यंत वापरलेला चार चॅनेलचा रिगॉल डीएस1054झेड शोधा. 10,000 डिफरेन्शियल प्रोबला (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला व्होल्टेज मोजणारा), 5,000 दुरुस्तीला. प्रोबला काट मारू नका: स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप थेट अर्थला जोडलेली असते. शेगडीच्या मेन्स बाजूला ती लावलीत की शॉर्ट. बोर्ड जातो, स्कोपही जाऊ शकतो, आणि जिवालाही धोका. हे 35,000 सुमारे पंधरा महिन्यांत वसूल होतील.

घेताना पुढच्या टर्मिनलवरचा 1 किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल चारही चॅनेलला लावून बघा. 9 व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरने मोजा, मग तीच प्रत्येक चॅनेलवर, दोन-तीन वेगवेगळ्या व्होल्ट-स्केलवर; आकडे जुळायला हवेत. बीएनसी (प्रोब जोडायचा कनेक्टर) हलवल्यावर ट्रेस उडाला तर सॉकेट सैल आहे, किंमत पाडा.

पैसे यूपीआयने द्या, बिल घ्या. धंद्याच्या वस्तूसाठी एकाच व्यक्तीला एका दिवसात 10,000च्या वर रोख दिलेत, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी (वस्तूच्या झिजेपोटी करात मिळणाऱ्या वजावटीसाठी) धरली जात नाही. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून) विवरण भरत असाल, तर घसारा वेगळा मिळतच नाही.